ना हरकत

कारकुनाचं बोट थांबलं. एवढंच झालं. छाननीच्या दालनात पंखा फिरत होता, खुर्च्या करकरत होत्या, मागच्या रांगेत कुणीतरी शिंक अर्ध्यावर सोडून दिली होती, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या डाव्या हाताला बसलेल्या कारकुनाचं बोट एका कागदावर थांबलं. मग ते दुसऱ्या कागदाकडे गेलं, तिथेही साधारण त्याच जागी थांबलं आणि परत पहिल्यावर आलं. बाकी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. पण मी एकतीस वर्षं याच इमारतीत, याच मजल्यावर, जिन्यापासून तिसऱ्या खोलीत कारकून होतो. कारकुनाचं बोट उगाच थांबत नाही. पोट दाबता दाबता डॉक्टर एका जागी थांबला की रोग्याला जे कळतं, ते मला कळलं. बोट जिथे थांबलं तिथे, कागदाच्या तळाशी उजवीकडे, ‘सूचकाची सही’ असं छापलेलं असतं. दोन्ही कागदांवर तिथे माझी सही होती.

सूचक म्हणजे काही फार मोठा माणूस नव्हे. निवडणुकीला उभं राहणाऱ्याने आपलं आपण उभं राहायचं नसतं, त्याचं नाव त्याच प्रभागातल्या एका मतदाराने सुचवावं लागतं. तो सूचक. त्याला स्वतःला काही सुचलेलं नसतं. सुचायचं ते दुसऱ्याला आधीच सुचलेलं असतं, हा खाली सही करतो. नियम एकच आहे आणि तो मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. एका मतदाराने एकाच उमेदवाराचं नाव सुचवायचं. दोघांची सुचवली तर जो अर्ज आधी दाखल झाला तो धरायचा, नंतरचा बाद करायचा. आमच्या प्रभागात उमेदवार दोनच होते. एक वकील, म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र आणि वीस वर्षं या प्रभागाचा नगरसेवक. दुसरी माझी सून. दालनातल्या खुर्च्या अशा मांडल्या होत्या की माझ्या उजव्या हाताला वकील बसला होता आणि डाव्या हाताला सून, आणि मधून उठून जायचं तर दोघांपैकी एकाचे गुडघे ओलांडावे लागले असते. मी बसून राहिलो. दोघांनीही मला येताना ‘इथे बसा, इथे बसा’ म्हणून हाताने खूण केली होती, आणि त्या दोन खुणांच्या मधोमध जी खुर्ची येत होती तिच्यावर मी बसलो होतो.

वकिलाने सही घेतली ती सोमवारी सकाळी, फिरायला गेलो होतो तेव्हा. आम्ही दोघं रोज पुलापर्यंत जातो आणि तिथे कठड्याला टेकून दम खातो. दम मी खातो, तो बोलतो. त्या दिवशी त्याने खिशातून कागद काढला, कठड्यावर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून एका टोकाला स्वतःचं घड्याळ ठेवलं आणि म्हणाला, “कर रे इथे.” मी केली. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? गेल्या चार खेपा मीच करत आलो आहे. शिवाय तो दर वेळी चार अर्ज भरतो, चार वेगवेगळ्या सूचकांच्या सह्यांचे, म्हणजे एक काही कारणाने बाद झाला तर दुसरा राहतो. चारांतला एक मी, एवढंच माझं महत्त्व, आणि ते मला बरं वाटायचं. चौथाई जबाबदारी माझ्या अंगाला बरोबर बसते.

सुनेने सही मागितली मंगळवारी दुपारी, चहाच्या वेळी. ती रक्त तपासणारी आहे. सकाळी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते, मग बाजारातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजते. अर्ध्या प्रभागाचे रक्तगट तिला पाठ आहेत आणि कुणाची शीर कुठे लपते हेही. प्रभागातला सरकारी दवाखाना तीन वर्षं बंद आहे. ती वकिलाकडे सहा वेळा गेली, तो सहा वेळा म्हणाला, “सूनबाई, आपण बघतोय.” सातव्या वेळी ती गेली नाही. त्या दुपारी तिने कपाच्या शेजारी कागद ठेवला आणि सरळ सांगितलं, “बाबा, मी उभी राहतेय. अपक्ष. सूचक म्हणून तुमची सही घालू?” मी म्हणालो, “अगं, पण वकील वीस वर्षं निवडून येतोय.” ती म्हणाली, “शेवटच्या दोनदा समोर कुणी उभंच नव्हतं. ते निवडून आले असं कसं म्हणायचं? मोजलंच नाही कुणी. मी हरले तरी चालेल बाबा, पण किती जण माझ्या बाजूने आहेत ते मला मोजून हवंय. मोजल्याशिवाय मी कशाखाली सही करत नाही.” आणि तिने पेन माझ्याकडे सरकवलं.

इथे मी सांगायला हवं होतं की सूनबाई, कालच मी दुसरीकडे सही करून बसलोय. साधं वाक्य होतं. पण ‘नाही’ या शब्दाशी माझे संबंध पहिल्यापासून जरा विचित्र आहेत. तो येत नाही असं नाही. येतो, घशापर्यंत येतो, तिथे ऐसपैस बसतो, पाणी मागतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि उठून परत खाली निघून जातो. समोरच्याला एवढंच दिसतं की माझा कंठमणी वर गेला आणि खाली आला, आणि लोक त्याचा अर्थ संमती असा लावतात. सुनेनेही तोच लावला. म्हणाली, “थँक्यू बाबा. मला वाटलं होतं तुम्ही अडचणीत याल.” मी म्हणालो, “छे, हरकत नाही.”

हरकत नाही. एकतीस वर्षं माझ्या टेबलावर हेच एक काम होतं. कुणाला घर वाढवायचं असो, दुकानापुढे फळी टाकायची असो, झाड तोडायचं असो की कोपऱ्यावर शिवणयंत्र मांडायचं असो, त्याला ना हरकत दाखला लागे आणि तो माझ्याकडून जाई. अर्ज आला की तो बाहेरच्या फळ्यावर पंधरा दिवस लावायचा. फळ्याखाली हरकतींची पेटी. पंधरा दिवसांनी पेटी उघडायची. पेटीत बसची तिकिटं निघायची, गोळ्यांचे कागद निघायचे, एकदा एक प्रेमपत्र निघालं, तेही शेजारच्या इमारतीतल्या मुलीला लिहिलेलं. हरकत कधी निघाली नाही. लोकांना हरकती नव्हत्या असं मुळीच नाही. पण त्या ते न्हाव्याकडे घेत, चौकात घेत, रात्री जेवताना बायकोपुढे घेत. पेटीत टाकत नसत. मग मी सुबक अक्षरात लिहायचो, ‘मुदतीत एकही हरकत न आल्याने या कार्यालयाची हरकत नाही.’ हे वाक्य हातातून कधी तोंडात गेलं ते कळलं नाही. ऑफिसात माझं नाव ‘नाहरकत’ पडलं, तेही मी चालवून घेतलं. न घेऊन काय म्हणणार होतो?

पश्चिमेच्या शेजाऱ्याने घरावर मजला चढवायचं ठरवलं तेव्हा त्याचाही अर्ज माझ्याकडेच आला. नकाशा पाहिल्यावर मला लगेच दिसलं की दुपारी दोननंतर आमच्या अंगणात ऊन येणार नाही. मी तो अर्ज रीतसर फळ्यावर लावला. रोज जाता-येता त्याच्याकडे बघायचो. सोळाव्या दिवशी दाखला दिला. तेव्हापासून आमच्याकडचे कपडे सावलीत वाळतात, म्हणजे वाळत नाहीत. बायकोचं म्हणणं एवढंच, “बाहेर फळ्यावर पंधरा दिवस लावलंत, घरात एकदा सांगितलं नाहीत.” ती चारचौघांत हसून असंही सांगते की लग्नाच्या वेळी तिला होकार मिळालाच नाही, ना हरकत दाखला मिळाला. लोक हसतात. मीही हसतो. ओले टॉवेल अंगाला लावताना मात्र मला दर वेळी तो नकाशा आठवतो, त्यातली ती निळी रेघ, आणि आपण पंधरा दिवस स्वतःच्या सावलीची मुदत मोजत होतो हे आठवतं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. या तीन दिवसांत मी किती वेळा निघालो. गुरुवारी तर थेट वकिलाच्या घरी गेलो, सांगायचंच म्हणून. त्याने बसवलं, चहा दिला, मग दुसरा चहा दिला, गुडघ्याच्या दुखण्यावर एक तेल सुचवलं. बाहेर पडल्यावर लक्षात आलं की छत्री आत राहिली. तेवढ्या निमित्ताने परत गेलो, म्हटलं आता सांगू. तो म्हणाला, “छत्रीच ना? ही घे.” मी छत्री घेऊन आलो. घरी सून अंगणात उभी राहून फोनवर कुणाला तरी सांगत होती, “सूचक कोण म्हणजे? आमचे बाबा!” तिच्या आवाजात अभिमान होता. माझ्याविषयी कुणाच्या आवाजात तो पूर्वी कधी ऐकलेला नसल्यामुळे मला तो ओळखायलाच जरा वेळ लागला. ओळखल्यावर तर सांगणं अशक्यच झालं. मी मनाशी हिशेब मांडला होता: वकिलाचे चार अर्ज, त्यातला माझा बाद झाला तर तीन उरतात, सुनेचा एक, तो टिकतो, कुणालाच काही होत नाही, आणि मतदानाच्या दिवशी मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन त्या दोघांतल्या एकाला मत देतो. कुणाला, ते मलाही तेव्हाच कळणार होतं.

त्या आडोशामागे मी नेहमीच जरा जास्त वेळ घेतो. तिथे कुणी बघत नाही असं म्हणतात. पण मला तिथेही वाटत राहतं की ज्याला मत दिलं नाही त्याला हे कळेल आणि तो वाईट वाटून घेईल. चौथीत असताना वर्गाच्या मॉनिटरची निवडणूक झाली होती, वकील आणि एक उंच मुलगी यांच्यात. बाईंनी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. मी माझी कोरीच घडी करून टाकली. बाईंनी ती उघडली, वर्गाला दाखवली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ही तुझी ना?” कसं ओळखलं? तर म्हणे, इतकी सारखी घडी वर्गात दुसरं कोण घालणार. म्हणजे कोऱ्या कागदावरसुद्धा माझं अक्षर ओळखता येत होतं. वकील त्या वेळी एका मताने हरला. मधल्या सुट्टीत तो माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाला, “जाऊ दे रे, तू निदान तिला तरी दिलं नाहीस.” तो हात तेव्हापासून तिथेच आहे असं मला अधूनमधून वाटतं. वजन काही फार नाही त्याचं. पण मान वळवता येत नाही.

“प्रभाग सात,” अधिकारी म्हणाला. तो तरुण होता, नीट भांग पाडलेला, आणि या गावात महिन्याभरापूर्वी आलेला असल्यामुळे कुणालाही ओळखत नव्हता. “अर्ज दोन. उमेदवार दोन.” मी मनात म्हटलं, अर्ज पाच, उमेदवार दोन; याची मोजण्यात चूक झाली. वकिलाकडे वळून हळूच विचारलं, “तुझे चार ना?” वकील हसला. “या खेपेला एकच भरला. म्हटलं, तिघांची मनधरणी कोण करणार या वयात? तुझी सही आहे, बास झालं.” आणि त्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. त्याच गुडघ्यावर, ज्याला त्याने सुचवलेलं तेल मी दोन दिवस लावत होतो.

कारकून अधिकाऱ्याच्या कानाशी लागला. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, वरचं वाचलं, खालचं वाचलं. “दोन्ही अर्जांवर सूचक एकच आहे,” तो म्हणाला. दालनात हशा पिकला. चांगला, मनमोकळा, फुकटचा हशा. मग तो एकदम ओसरला, कारण लोकांच्या लक्षात आलं की दोन्ही बाजूचं कुणीच हसत नाही. वकील म्हणाला, “हे काय रे?” सून समोर बघत होती, भिंतीवरच्या घड्याळाकडे. तिने न वळता विचारलं, “त्यांना कधी केलीत?”

“सोमवारी.”

“आणि मला मंगळवारी.”

“हो.”

“म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं.”

मी कंठमणी वर नेला आणि खाली आणला. तिला या खेपेला त्याचा अर्थ बरोबर लागला.

अधिकाऱ्याने दाखल केल्याच्या वेळा वाचल्या. सुनेचा अर्ज बुधवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी. अर्थातच; ती रिपोर्टसुद्धा सांगितल्या वेळेच्या आधी देते. वकिलाचा शुक्रवारी, मुदत संपायला वीस मिनिटं उरलेली असताना. तो नेहमी शेवटच्या दिवशी माणसं घेऊन येतो आणि इमारतीच्या पायऱ्यांवर थोडं बोलतो. म्हणजे वकिलाचा अर्ज नंतरचा. म्हणजे वकील बाद. हे माझ्या डोक्यात वेगवेगळं पोचलं, जसे जिन्यावरून तीन म्हातारे एकामागे एक चढून यावेत तसं. वीस वर्षांचा नगरसेवक माझ्या एका सहीने बाद होत होता, आणि ती सही त्याने घड्याळाखाली दाबून, प्रेमाने, माझ्याकडून घेतली होती.

“निर्णय देण्याआधी सूचकाचं म्हणणं ऐकून घेतो,” अधिकारी म्हणाला. “दोन्ही सह्या आपल्याच आहेत का? घाई नाही, नीट पाहून सांगा.” आणि कारकुनाने दोन्ही कागद आणून माझ्या मांडीवर ठेवले. वकील माझ्याकडे झुकला. तो रागावलेला नव्हता, तो कामाला लागला होता. “ऐक,” तो ओठ न हलवता म्हणाला, “एवढंच म्हण, ही दुसरी सही माझी असल्याचं आठवत नाही.”

“दुसरी कुठली?”

“सुनेची रे! आठवत नाही म्हटलं तर ते खोटं धरत नाहीत. आपल्या वयात तर नाहीच नाही.”

“मग तिचं काय होईल?”

“काही होत नाही. चौकशी लागेल. मी आहे ना, तिचा वकील मीच होईन.”

मी कागदांकडे पाहिलं. सही माझी चांगली आहे, ओघवती, शेवटी एक शेपूट घेणारी. सोमवारची जरा वाकडी आली होती, कठड्याच्या दगडामुळे. मंगळवारची स्वच्छ होती, टेबलावरची. माझ्या घशात एक शब्द येऊन बसला होता, पण तो ‘नाही’ आहे की ‘हो’ हे मला कळेना, कारण अधिकाऱ्याला हो म्हणणं म्हणजे वकिलाला नाही म्हणणं होतं, आणि वकिलाला हो म्हणणं म्हणजे सुनेला खोट्या सहीची गुन्हेगार ठरवणं. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं होतं की कुठल्याही दारातून बाहेर पडलं तरी कुणाला तरी धक्का लागणार होता. बसून राहिलं तरीही. पंख्याचा वारा माझ्यापर्यंत येत होता, आणि तो कुणाच्या बाजूने येतोय याचाही मी विचार करत होतो. डावीकडे सुनेने डोळे मिटले होते. शीर सापडत नसली की ती असे डोळे मिटून बोटाने शोधते, हे मी पाहिलेलं आहे.

“दोन्ही माझ्याच,” मी म्हणालो. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. “दोन्ही सह्या माझ्याच आहेत. शुद्धीत केलेल्या.”

शुद्धीचं कुणी विचारलं नव्हतं. अधिकाऱ्याने लिहून घेतलं, मग विचारलं, “यावर कुणाची हरकत?” कुणाचीच नव्हती. वकिलाचा अर्ज बाद झाला. एकच अर्ज उरला, तेव्हा माघारीची मुदत संपली की उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर होईल, असं अधिकारी म्हणाला आणि त्याने प्रभाग आठ पुढे ओढला. वकील उठला. मला वाटलं तो आता काहीतरी बोलेल, आणि ते मी आयुष्यभर ऐकत राहीन. पण त्याने माझ्याकडे एका वेगळ्याच नजरेने पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने मला तसं कधी पाहिलं नव्हतं. “मानलं,” तो म्हणाला. “सोमवारी मला गुंतवून ठेवलंस, मंगळवारी तिला सही दिलीस, बुधवारी सकाळी पहिला अर्ज तिचा. आणि गुरुवारी घरी येऊन बघून गेलास, मी अजून भरला नाही ना ते. छत्री काय! मानलं बाबा तुला.” त्याच्या आवाजात खराखुरा आदर होता. मी सांगू लागलो की तसं काही नव्हतं रे, पण तो हात हलवत, मान डोलवत, बघा बघा म्हणत लोकांमधून निघून गेला. पुलापर्यंत मी आता एकटा जातो.

गावात माझा भाव वाढला. न्हाव्याने खुर्ची झटकून दिली आणि विचारलं, “साहेब, डाव कधीपासून शिजत होता?” मी म्हटलं, “अहो, कसला डाव, मला नाही म्हणता येत नाही.” तो खदाखदा हसला, म्हणाला, “हे भारी आहे!” शेजारच्या प्रभागातले दोन उमेदवार वेगवेगळ्या वेळी सल्ला घ्यायला आले. मी काही बोललो नाही, तेव्हा ते माझ्या न बोलण्यातून काहीतरी समजून घेऊन आभार मानून गेले. मुलगा बाहेरगावी नोकरीला असतो, त्याचा फोन आला, “बाबा, तुम्ही छुपे रुस्तम निघालात!” एकदा वाटलं, खरंच मी असा असेन का? माणसाला स्वतःविषयी सगळंच कुठे ठाऊक असतं? ही शंका इतकी सुखाची होती की मला तिची भीती वाटली. घरात मात्र कुणी विचारलं नाही. बायको म्हणाली, “फळ्यावर तरी लावायचं होतंत,” आणि कपडे गोळा करायला गेली. सून माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होती, जेवायला वाढत होती, औषधाची आठवण करत होती. माघार घ्यावी असं तिच्या मनात एक दिवस होतं. पण माघार घेतली तर जागाच रिकामी राहिली असती आणि दवाखान्याला आणखी एक वर्ष कुलूप. तिने माघार घेतली नाही. म्हणजे तिलाही बाहेर पडायला दार नव्हतं; आणि ते बंद करून किल्ली खिशात ठेवणारा मीच, समोर बसून वरणभात खात होतो.

मतदानाचा दिवस आला. सुट्टी सगळ्या गावाला होती, तशी आमच्या प्रभागालाही होती, पण आम्हाला काम नव्हतं. लोक धुतलेले कपडे घालून दारात उभे होते. पलीकडच्या रस्त्यावरून माणसं बोटाची शाई वाळवत येत होती आणि आमच्याकडची माणसं आपली बोटं खिशात घालत होती. चारच्या सुमारास सून बाहेरून आली, चपला काढल्या आणि एक जाड वही माझ्यापुढे टाकली. अशी वही तिच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं. प्रभागातलं प्रत्येक घर त्यात होतं, प्रत्येक मतदार, सहाशे अठरा. पुढे तीन रकाने: हो, नाही, बघू. चौथा रकाना: कारण.

“हे छाननीच्या आधीचं,” ती म्हणाली. “एकशे चाळीस जणांना भेटले होते. हो एकसष्ट, नाही अडतीस, बघू एक्केचाळीस. आणि हे नंतरचं. रोज जातेय. विचारतेय, मतदान झालं असतं तर कुणाला दिलं असतं? बघा.”

मी पानं उलटली. हो, हो, हो, हो. एका घरापुढे ‘हो, आम्ही पहिल्यापासून तुमचेच.’ त्याच घरापुढे छाननीआधीच्या नोंदीत ‘नाही. बायकांना काय कळतं.’

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, “हो म्हणणारच. आता तूच आहेस ना तिथे.”

“म्हणूनच,” सून म्हणाली. “नमुना बिघडलाय. आता यातून काही मोजता येत नाही. मी पाच वर्षं तिथे बसणार आणि मला कधीच कळणार नाही की मला कुणी बसवलं का.” ती तिथेच जमिनीवर बसली, पाठ भिंतीला लावून. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मी ऐकून घेतलं असतं. ते मला जमतं. मग तिने वही ओढून घेतली, पान शोधलं, आमचं घर. सासूबाईंच्या पुढे हो होतं, नवऱ्याच्या पुढे हो होतं, माझ्यापुढे काहीच नव्हतं. “तुम्हाला मी विचारलंच नव्हतं,” ती म्हणाली. “सही दिली म्हणजे झालं असं धरून चालले. आता विचारते. खरं सांगा बाबा. आज मतदान झालं असतं, तुम्ही त्या आडोशामागे एकटे असतात. कुणाला दिलं असतं?”

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं. मी खरोखर आडोशामागे जाऊन उभा राहिलो, डोळ्यांपुढे दोन्ही नावं आणली, एकाखाली एक.

“वकिलाला,” मी म्हणालो.

बायकोच्या हातातली घडी तशीच राहिली. सुनेने आमच्या घराच्या ओळीत, नाहीच्या रकान्यात, अगदी सावकाश एक फुली मारली आणि तिच्याकडे बघत राहिली. इतक्या दिवसांत तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला. सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ धूसर दिसावं आणि मग एकदम एक पेशी स्पष्ट दिसावी, तसा. मी खरं बोललो का? मला ते अजून ठरवता आलेलं नाही. जेव्हा जेव्हा मतदान झालं तेव्हा मी वकिलालाच देत आलो होतो हे खरं. पण हेही खरं की तिच्याकडे बघून मला कळलं होतं की तिला एक ‘नाही’ हवं आहे, आणि मागायला आलेल्याला मी कधी रिकाम्या हाताने परत पाठवलेलं नाही.

“कारण?” तिने विचारलं. पेन्सिल चौथ्या रकान्यावर होती.

“कारण असं काही नाही. सवय.”

“सवय,” तिने लिहिलं. खाली एक रेघ मारली. “सवय तर बदलते, बाबा. मी बोलले असते तुमच्याशी.”

“वेळ लागतो अगं त्याला.”

“छाननीपासून मतदानापर्यंत दहा दिवस होते की माझ्याकडे,” ती म्हणाली.